सुटलेलं पदक: डिस्चार्ज बुकातली नोंद दुरुस्त कशी करून घ्यावी

कोरेगाव तालुक्यातल्या एका आजोबांची काळी ट्रंक मी आणि त्यांनी मिळून उघडली. डिस्चार्ज बुक (सैन्यातली सेवा संपताना मिळणारं नोंदींचं पुस्तक) तळाशी होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. आजोबा १९७१ला पलटणीबरोबर पूर्वेकडे होते. मांडीत स्प्लिंटर घुसले, तिथून हॉस्पिटल, हॉस्पिटलातून थेट बेळगावला रेजिमेंटच्या सेंटरमध्ये. पदकांच्या रकान्यात संग्राम पदक होतं, नऊ वर्षांच्या सेवेचं होतं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचंही होतं. 'पूर्वी स्टार', म्हणजे १९७१ला पूर्वेकडे लढलेल्यांचं पदक, तेवढं नव्हतं. ज्या लढाईनं त्यांना आयुष्यभर लंगडत ठेवलं, तिचीच नोंद नव्हती.

मी पलटणीत क्लार्क होतो. अशी नोंद का राहते ते मला आतून ठाऊक आहे. लढाई संपते, दोन-चार महिन्यांनी पदकासाठी नावांची यादी तयार होते, आणि ती त्या दिवशी पलटणीच्या ताकदीवर, म्हणजे पटावर, असलेल्या माणसांची होते. जो हॉस्पिटलात आहे, जो कोर्सला गेलाय, ज्याची बदली झाली, जो दुसऱ्या युनिटला अटॅच होता, त्याचं नाव यादीत येत नाही. जुन्या पलटणीला वाटतं नवी पलटण पाठवेल आणि नव्या पलटणीला वाटतं जुनीनं पाठवलंच असेल. माझ्या हातून झालेल्या याद्यांतही अशी काही नावं राहिली असतील, आणि ते मला आजही टोचतं. म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहितोय.

हे कारण आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं काम त्यावर उभं आहे. पदक सुटतं ते जवळजवळ नेहमी दोन युनिटांमधल्या फटीत. त्यामुळे "मला पदक द्या" असा अर्ज लिहून फारसं काही होत नाही. अमुक तारखेला मी अमुक ठिकाणी, अमुक युनिटच्या ताकदीवर होतो, हे कागदानं दाखवलं की काम हलतं.

सुरुवात पदक ओळखण्यापासून करा. पदकांचे दोन वेगळे संसार आहेत. मोहिमेची आणि सेवेची पदकं अट पूर्ण झाली की हक्कानं मिळतात, कुणाच्या शिफारशीची गरज नसते. समर सेवा स्टार, रक्षा पदक, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम पदक, सियाचीन ग्लेशियर पदक, ऑपरेशन विजय स्टार, ऑपरेशन पराक्रम पदक, सैन्य सेवा पदक, हाय अल्टिट्यूड पदक, ९, २० आणि ३० वर्षांची लाँग सर्व्हिस पदकं ही सगळी या गटातली. शौर्यपदकांचा संसार निराळा, त्याबद्दल पुढे लिहितो.

हक्काच्या पदकांत एक जोडी लक्षात ठेवा. १९६५, १९७१ आणि १९९९ या तिन्ही वेळी एक 'स्टार' निघाला आणि एक 'पदक' निघालं. स्टार प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांसाठी, पदक त्याहून बऱ्याच मोठ्या वर्गासाठी. १९६५ला समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, १९७१ला पूर्वी किंवा पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक, १९९९ला ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय पदक. माझ्याकडे आलेल्या बहुतेक डिस्चार्ज बुकांत पदक लागलेलं असतं आणि स्टार सुटलेला असतो. यामागे कारण आहे. पदकासाठी बहुतेक वेळा तुम्ही नोकरीत होता एवढं पुरतं, स्टारसाठी तुम्ही कुठे होता ते लिहावं लागतं. तेच लिहायचं राहून जातं.

नावांचा घोळही होतो. डिसेंबर १९६१च्या गोवा मुक्तीच्या कारवाईलाही ऑपरेशन विजय म्हणत आणि १९९९च्या कारगिललाही ऑपरेशन विजयच. गोव्याला गेलेल्या एका जवानाच्या नातवानं आजोबांसाठी 'ऑपरेशन विजय पदक' मागितलं, अर्ज परत आला आणि घरच्यांना वाटलं हक्क नाकारला. हक्क होता, नाव चुकलं होतं. गोव्यासाठी सामान्य सेवा पदक १९४७ आहे, त्यावर 'गोवा १९६१' अशी पट्टी. हीच पट्टी म्हणजे क्लास्प. सामान्य सेवा पदकाला आणि सैन्य सेवा पदकाला अशा वेगवेगळ्या पट्ट्या आहेत, त्यामुळे कधी पदक लागलेलं असतं आणि पट्टी राहिलेली असते. डिस्चार्ज बुक वाचताना पदकाच्या नावापुढचा शब्दही वाचा. सैन्य सेवा पदकापुढे फक्त 'जम्मू काश्मीर' असेल आणि माणूस नेफातही (आताच्या अरुणाचल प्रदेशात) राहिला असेल, तर ती दुसरी पट्टी मागता येते.

आता वही घ्या आणि सेवेचा आलेख मांडा. भरती ते पेन्शन, प्रत्येक वर्षाला एक ओळ: युनिट, ठिकाण, कधीपासून कधीपर्यंत, मध्ये हॉस्पिटल, कोर्स, लांब सुट्टी, अटॅचमेंट, राष्ट्रीय रायफल्स. ज्यांचा हा आलेख आहे त्यांच्याशेजारी बसूनच हे करा, आणि एका दिवसात उरकू नका. म्हाताऱ्या माणसाला तारखा आठवत नाहीत, पण "थोरलीचा जन्म झाला तेव्हा मी लडाखात होतो" हे आठवतं, आणि थोरलीच्या शाळेच्या दाखल्यावर तारीख असते. जुन्या पत्रांवर फिल्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असतो. फोटोच्या मागं ठिकाण लिहिलेलं असतं. आजोबांच्या वहीत आम्ही अशी चार पानं भरली. डिसेंबर १९७१च्या ओळीत पलटण आणि जानेवारीच्या ओळीत सेंटर हे एकाखाली एक आलं, तेव्हा फट कुठे आहे ते आम्हाला दोघांनाही दिसलं.

आलेख झाला की कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं ते ठरवा. जवान आणि जेसीओंची (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) कागदपत्रं त्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे इंजिनिअर्सचं खडकीला, आर्मर्ड कोअर आणि मेकनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमई (यंत्रं-गाड्या दुरुस्त करणारी कोअर) आणि ऑर्डनन्सचं सिकंदराबादला, मेडिकल कोअरचं लखनौला. नौसैनिकांचं काम मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे चालतं, वायुसैनिकांचं दिल्लीत सुब्रतो पार्कच्या एअरफोर्स रेकॉर्ड ऑफिसात. अधिकाऱ्यांची कागदं दिल्लीत सेना मुख्यालयात, ॲडज्युटंट जनरल शाखेकडे.

दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात. पलटणीतून पेन्शन घेऊन डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) दुसरी नोकरी केलेल्यांची शेवटची कागदं कन्नूरला असतात, म्हणून सगळा पत्रव्यवहार कन्नूरशी होतो. पण १९७१ किंवा सियाचीनची नोंद पहिल्या नोकरीतली, ती जुन्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातच. दुसरी चूक पॅराच्या, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटच्या, बाबतीत. २ पॅरा ही पूर्वीची ३ मराठा. घरात आजही "मराठा पलटण" म्हणतात, आणि पत्र बेळगावला जातं. पॅराशूट रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बंगळूरला आहे.

लगेच मागणीचा अर्ज टाकू नका. रेकॉर्ड ऑफिसकडे काय लिहिलेलं आहे ते आधी मागवा. तुमच्या हातातलं डिस्चार्ज बुक ही एक नक्कल आहे, मूळ नोंद असते शीट रोलमध्ये. भरती, बदल्या, बढत्या, हॉस्पिटल, पदकं सगळं तिथे चढतं, आणि चढतं ते पार्ट टू ऑर्डरवरून, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या प्रत्येक बदलाची युनिट काढतं त्या लेखी आदेशावरून. युनिटनं पार्ट टू ऑर्डर छापली नाही तर शीट रोलमध्ये काही येत नाही, आणि शीट रोलमध्ये नाही ते डिस्चार्ज बुकात येत नाही. साखळी कोणत्या कडीला तुटली हे कळल्याशिवाय काय मागायचं तेच कळत नाही. ऑर्डर निघाली असेल आणि डिस्चार्ज बुकात उतरवायची राहिली असेल, तर काम सोपं आहे. ऑर्डरच निघाली नसेल, तर पुराव्याची लढाई आहे.

शीट रोलची प्रत साध्या अर्जानं मिळते, पण मी माहिती अधिकाराचा रस्ता सुचवतो, कारण त्याला मुदत आहे. केंद्राच्या आरटीआय ऑनलाईन संकेतस्थळावर अर्ज करता येतो, किंवा दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून स्पीड पोस्टानं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. चुकीच्या कार्यालयात गेला तरी अर्ज ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. काही निमलष्करी दलं माहिती अधिकारातून बऱ्याच अंशी वगळली आहेत, भूदल मात्र वगळलेलं नाही. "सैन्याची माहिती मिळत नाही" असं कुणी चावडीवर सांगितलं तर ऐकू नका.

प्रश्न नेमके विचारा. "मला पदक का दिलं नाही" याचं उत्तर माहिती अधिकारात मिळत नाही. मी असे लिहून देतो: माझ्या शीट रोलच्या सर्व पानांची साक्षांकित प्रत द्यावी. माझ्या नावे पदकांसंबंधी निघालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती द्याव्यात. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी कोणत्या युनिटच्या ताकदीवर होतो त्याची नोंद द्यावी. याच काळातल्या फिल्ड एरिया भत्त्याच्या किंवा हाय अल्टिट्यूड भत्त्याच्या पार्ट टू ऑर्डर द्याव्यात. कायद्यानं अर्ज मराठीतही चालतो, पण बेळगाव असो की जबलपूर, टेबलावरचा माणूस मराठी वाचणारा असेलच असं नाही. हिंदीत लिहा.

शेवटचा, भत्त्याचा प्रश्न गाळू नका. पदकाची यादी करताना क्लार्कचं दुर्लक्ष होऊ शकतं, पण पगाराच्या बाबतीत जवान स्वतः जागा असतो. उंचावर गेलेल्या माणसाला त्या दिवसांचा भत्ता मिळालेला असतो, आणि भत्ता मिळाला म्हणजे ऑर्डर निघाली होती. जवानांच्या पगाराचा हिशेब रेजिमेंटल सेंटरला जोडलेल्या पे अकाऊंट्स ऑफिसात असतो. पदकाची ऑर्डर नाही पण भत्त्याची आहे, असं बऱ्याचदा निघतं, आणि त्या एका कागदावर पदकाचा दावा उभा राहतो.

जुन्या कागदांबद्दल एक कटू गोष्ट सांगायला हवी. पेन्शन न घेता घरी आलेल्या जवानांची कागदपत्रं २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. "कागदपत्रे नष्ट झाली" असं उत्तर आलं की कुटुंब हात टेकतं. पण लाँग रोल नावाची नोंदवही कायमस्वरूपी ठेवतात. लगेच दुसरा अर्ज करून लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत मागा.

इतर पुरावे कुठे मिळतात? जखमी झालेल्यांसाठी हॉस्पिटलची केस शीट आणि मेडिकल बोर्डाचे कागद सोन्यासारखे, कारण त्यात तारीख, जागा आणि 'शत्रूच्या गोळीबारात' असे शब्द असतात. अपंगत्वाची पेन्शन चालू असेल तर हे कागद रेकॉर्ड ऑफिसातच असायला हवेत. बहुतेक मोहीम पदकांच्या अटींत जखमी होऊन मागे आणलेल्या माणसाला दिवसांची अट लागत नाही, त्यामुळे "मी तिथे तीनच दिवस होतो" म्हणून मागे राहू नका. लढाईत झालेल्या जखमेसाठी जखमेचं वेगळं पदकही आहे, त्याचीही नोंद आहे का ते याच वेळी पाहा. पलटण कुठे होती याचा वाद असेल तर संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आहे. युद्धदैनंदिन्या तिथे सुपूर्द करायच्या आणि साधारण २५ वर्षांनंतर खुल्या करायच्या, असं धोरण २०२१ साली जाहीर झालं. पण १ मराठा डिसेंबर १९७१ला जमालपूरला लढली, यासारख्या प्रसिद्ध लढाईसाठी तिथवर जायची गरज नसते. पलटण कुठे होती हे सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न एवढाच असतो की तुम्ही त्या दिवशी पलटणीत होता का.

म्हणून साथीदारांची प्रतिज्ञापत्रं घ्या, दोन तरी. ज्यांच्या स्वतःच्या डिस्चार्ज बुकात ते पदक लागलेलं आहे अशा माणसांची, आणि सोबत त्यांच्या त्या पानाची प्रत. "हे माझ्या सेक्शनमध्ये होते, अमुक रात्री जखमी झाले, मी त्यांना उचलून आणलं" असं ठोस लिहिलेलं असू द्या. "यांना पदक मिळावे" एवढ्या वाक्याला काही वजन नाही. आणि लवकर घ्या. १९७१चे जवान आज सत्तरीच्या पुढे आहेत. आमच्या आजोबांचे चार साक्षीदार आठवले, त्यातले दोन हयात होते, आणि एकाला आता माणसं ओळखता येत नव्हती.

पुरावे हातात आले की अर्ज. एक पान पुरे. वर सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, भरती आणि निवृत्तीची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक. मग कोणतं पदक, कोणत्या पट्टीसह, कोणत्या काळासाठी. मग पुरावे, क्रमांक घालून. आणि मागण्या या क्रमानं: पार्ट टू ऑर्डर काढावी, शीट रोलमध्ये नोंद घ्यावी, डिस्चार्ज बुकात दुरुस्ती करून द्यावी, पदक पाठवावं. चारही मागण्या लिहा. फक्त पदक मागितलं तर "साठा उपलब्ध झाल्यावर पाठवू" एवढ्यावर फाईल थांबू शकते, आणि नोंद तशीच राहते. धातू उशिरा आला तरी चालेल, नोंद आधी हवी.

अर्जाआधी नाव जुळतंय का पाहा. शीट रोलला पोवार, आधारला पवार. एकीकडे वडिलांचं नाव आहे, दुसरीकडे नाही. अशा फरकावर अर्ज परत येतो. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा आणि एक प्रत थेट स्पीड पोस्टानं. कल्याण कार्यालयाच्या पत्राला जावक क्रमांक असतो, तो घेतल्याशिवाय तिथून उठू नका. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टानं पाठवू नका. दुरुस्तीसाठी मागितलं तर शक्यतो स्वतः घेऊन जा, सगळ्या पानांची प्रत घरी ठेवून. आणि कुणी कितीही सांगितलं तरी त्या पुस्तकात स्वतःच्या हातानं काही लिहू नका. शिक्का-सहीशिवाय पेनानं घातलेल्या एका शब्दानं एका विधवा बाईंच्या खऱ्या नोंदींवरही संशय आलेला मी पाहिलाय.

सैनिक हयात नसेल तर पत्नी अर्ज करू शकते. तिचं नाव पीपीओवर असतं, सोबत मृत्यूचा दाखला. पत्नीही नसेल तर मुलांनी वारस दाखला जोडावा. पदकांची नोंद मरणोत्तरही दुरुस्त होते, घरच्यांनी ही शंका मनात ठेवू नये.

शौर्यपदकांबद्दल वेगळं लिहायचं कारण, तिथे पैसाही आहे आणि गैरसमजही. परमवीर चक्रापासून सेना पदकापर्यंतची शौर्यपदकं भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात. राजपत्रात नाव आहे आणि डिस्चार्ज बुकात नाही, तर राजपत्राची प्रत हाच पूर्ण पुरावा. मग दरमहाचा भत्ता सुरू आहे का तेही तपासा: ऑगस्ट २०१७पासून परमवीर चक्राला २०,००० रुपये, महावीर चक्राला १०,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्य चक्राला ६,०००, शौर्याच्या सेना पदकाला २,०००. पेन्शनसोबत तो येत नसेल तर स्पर्शवर (संरक्षण पेन्शनच्या संकेतस्थळावर) तक्रार नोंदवा. राज्य सरकारची रक्कम वेगळी, ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. पण "साहेबांनी शिफारस केली होती, वर अडली" ही नोंदीची चूक नाही. तो निर्णय होता, आणि इतक्या वर्षांनी तो बदलून घेण्याच्या मागं लागून हक्काची पदकं मागायची राहू नयेत असं मला कळकळीनं वाटतं.

दोन महिने उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र, मूळ पत्राचा क्रमांक घालून. मग केंद्राच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर माजी सैनिक कल्याण विभागाकडे. सहा महिन्यांत निर्णयच झाला नाही, किंवा नकार आला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईत बसतं. नकाराच्या आदेशापासून सहा महिन्यांत जायचं असतं; उत्तरच आलं नसेल तर ते सहा महिने संपल्यावर जाता येतं. उशीर झाला तरी सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. न्यायाधिकरण आधी विचारतं की तुम्ही खात्याकडे दाद मागितली होती का, म्हणून प्रत्येक पोचपावती एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावत चला. बहुतेक प्रकरणांत तिथवर जावं लागत नाही.

आजोबांची पार्ट टू ऑर्डर चौदा महिन्यांनी आली. ऑर्डर हातात आली की पहिलं काम वाचन: सैनिक क्रमांकातला प्रत्येक आकडा, नावाचं स्पेलिंग, पदकाचं नाव, पट्टी. एक आकडा चुकला तर नोंद दुसऱ्याच्या शीट रोलवर चढते. आम्ही ती त्यांच्या ओट्यावर बसून तीनदा वाचली. मग डिस्चार्ज बुक घेऊन ते नातवाबरोबर बेळगावला गेले, आणि रकान्यात चौथी ओळ शिक्क्यासह घालून आणली. पदक अजून यायचं आहे. येईल तेव्हा त्यावर क्रमांक आणि नाव कोरलेलं आहे का ते पाहायचं, असं मी त्यांना सांगून ठेवलंय, कारण बाजारात मिळणारी पदकं बहुधा कोरी असतात.